विजया तेलाआधी मॉर्फिन मिळू द्या

महोदय,

कर्करोगाच्या वेदनांवर गांजापासून बनवलेल्या औषधांची बरीच चर्चा ऐकू येते. माझ्या वडिलांचा कर्करोग हाडांपर्यंत पोचला होता. आम्ही जागे होऊ नये म्हणून रात्री ते उशी दातांत धरून कण्हणं दाबायचे. कुणी सांगितलं म्हणून गांजापासून बनवलेलं महागडं 'विजया' तेल आणलं, जिभेखाली थेंब दिले. झोप थोडी लागली, दुखणं तसंच राहिलं.

या औषधांना माझा विरोध नाही. डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला अमली पदार्थांच्या सर्वांत कडक यादीतून काढण्याच्या बाजूने भारतानेही मत दिलं, ते योग्यच झालं. संशोधन व्हायलाच हवं. पण टीएचसी आणि सीबीडी हे गांजातले घटक असलेल्या 'सॅटिव्हेक्स' या तोंडात मारायच्या फवाऱ्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या, तेव्हा मॉर्फिनसारख्या तीव्र वेदनाशामक औषधांनीही न शमणाऱ्या कर्करोगाच्या वेदनांवर तो मुख्य निकषात प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली फवाऱ्यापेक्षा, सरस ठरला नाही. हे विक्रेते सांगत नाहीत.

उलट मॉर्फिनची साधी गोळी स्वस्त आहे, पारखलेली आहे. ती मिळणं सोपं व्हावं म्हणून 2014 मध्ये एनडीपीएस हा अमली पदार्थांविषयीचा कायदा बदलला. तरी आमच्या तालुक्यात ती कुठेच नव्हती. भाऊ पुण्याला जाऊन घेऊन आला. त्या रात्री वडील सलग पाच तास झोपले, सकाळी त्यांनी चहा मागितला. त्यानंतर ते नऊ दिवस होते. किमान प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात मॉर्फिन आणि ते लिहून देणारा प्रशिक्षित डॉक्टर असावा, ही आरोग्य खात्याला कळकळीची विनंती.

– एका रुग्णाची मुलगी, सातारा जिल्हा