आत्याला घरी यायचे आहे

संपादक महोदय,

माझ्या आत्याला चालता येत नाही. गेली सहा वर्षे ती एका वृद्धाश्रमात आहे. जेवण, औषधे वेळेवर मिळतात, पण चहा कधी घ्यायचा हेही तिच्या हाती नाही. गणेश चवथीला तिला फोंड्याला घरी आणतो, तेव्हा गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीला कुठले फळ कुठे बांधायचे ते ती खुर्चीतून सांगते. परत जाताना गाडीत गप्प बसते. ते बघवत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या पाचव्या कलमाने दिव्यांगांना समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. त्यांना अमुकच ठिकाणी राहावे लागू नये, मदतनिसासह आधारसेवा मिळाव्यात, यासाठी शासनाने झटावे, असेही त्यात आहे. आम्हांला हवा दिवसातून दोनदा येणारा प्रशिक्षित मदतनीस आणि न्हाणीघराला रुंद दार. दाराचे आम्ही पाहू. मदतनिसाचा पगार मात्र गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या मासिक रकमेत भागत नाही.

2023 मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव सुरू झाला, याचा अभिमानच आहे. आता सरकारने पंचायतनिहाय मदतनीस नेमावेत आणि आश्रमातल्या प्रत्येकाला कुठे राहायचे आहे ते विचारावे. आत्याला हे अजून कुणी विचारलेले नाही.

— एक वाचक, फोंडा