द्रवसेतूभोवतीची हवा

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला प्रकल्पाचा आराखडा शांतपणे वाचला. एक गरम आणि एक थंड अशा दोन तबकड्यांमध्ये धरलेल्या सिलिकॉन तेलाच्या द्रवसेतूचे, म्हणजे पृष्ठताणामुळे टिकून राहणाऱ्या तेलाच्या स्तंभाचे, वर्णन नेटके झाले आहे. परंतु ‘सभोवतालच्या हवेचा परिणाम नगण्य मानला आहे’ हे वाक्य मला खटकले, आणि हे पत्र त्यासाठीच लिहीत आहे.

हवेची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, तेलाच्या मानाने फारच कमी असल्यामुळे ती तेलाच्या पृष्ठभागाला फारशी अडवू शकत नाही, हा तुझा युक्तिवाद मला मान्य आहे. मात्र हवा उष्णतेची देवघेवही करते, आणि खरी मेख तिथे आहे. तापमान वाढले की पृष्ठताण कमी होतो. म्हणून पृष्ठभागावरचे तेल गरम तबकडीकडून थंड तबकडीकडे खेचले जाते आणि गाभ्यातून परत येते. तबकड्यांच्या तापमानातील फरक लहान असेपर्यंत हा प्रवाह स्थिर आणि अक्षाभोवती सममित राहतो. फरकाने एक ठरावीक मर्यादा (तिलाच ‘क्रांतिक फरक’ म्हणतात) ओलांडली की सेतूभोवती फिरणाऱ्या किंवा जागच्या जागी हेलकावणाऱ्या तापलहरी उमटतात. प्रवाहाला ओढणारी शक्ती पृष्ठभागावरील तापमानाच्या उतरणीतून येते, आणि ही उतरण कुठे तीव्र व कुठे सौम्य असेल, हे ठरवण्यात हवेचा वाटा असतो.

संशोधक यासुहिरो कामोतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेलासारख्या द्रवांवर प्रयोग केले, तेव्हा केवळ हवेचे तापमान बदलल्याने क्रांतिक फरक दोन ते तीन पटींनी बदलल्याचे आढळले. एवढा बदल नगण्य म्हणता येईल का, हे तूच ठरव. पृष्ठभागातून जाणारी उष्णता एकूण हिशेबात थोडीच असली, तरी तिचा परिणाम लहान असेलच असे नाही. तुमच्या प्रयोगशाळेतील वातानुकूलन यंत्र सकाळी बंद आणि दुपारी चालू असेल, तर दोन्ही वेळची निरीक्षणे एकाच तक्त्यात मांडणे मला धोक्याचे वाटते.

अंतराळात गेल्याने हा प्रश्न सुटतो, असेही समजू नकोस. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या ‘किबो’ या जपानी प्रयोगशाळेत 2008 पासून 30 आणि 50 मिलिमीटर व्यासाच्या द्रवसेतूंवर प्रयोग झाले. पृथ्वीवर एवढा मोठा सेतू स्वतःच्या वजनाने ढासळला असता. तिथे गरम हवा वर चढत नाही हे खरे, पण वाहता पृष्ठभाग लगतच्या वायूला बरोबर घेऊन जातोच.

म्हणून सेतूभोवती बंद कोठी बसव, आणि कोठीतल्या वायूचे तापमान सेतूच्या जवळ व लांब अशा दोन्ही ठिकाणी नोंदव. पुढे वायू फुंकून पाहायचा असेल, तर झोताची दिशा आणि त्याचे तापमान एकाच वेळी बदलू नकोस. नाहीतर परिणाम घर्षणाचा की उष्णतेचा, हे सांगता येणार नाही. हीलियमची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे सहापट आणि आरगॉनची हवेहून कमी आहे, त्यामुळे वायू बदलून केलेली तुलना बोलकी ठरेल. पातळ तेल घेतलेस तर ते हळूहळू उडते, सेतूची कंबर बारीक होते आणि क्रांतिक फरकही सरकतो. तेव्हा प्रत्येक निरीक्षणाबरोबर सेतूचे छायाचित्र घे.

सुधारलेला तक्ता तयार झाला की पाठव. वायूच्या तापमानाचा रकाना मी आधी पाहीन.

तुझी,
आई