आठव्या महिन्यात ताट कमी करू नका

महोदय,

सातव्या महिन्यात ओटी भरली, डोहाळजेवण झाले, की आपल्याकडे गर्भवतीच्या ताटावर पहारा बसतो. ‘आता एकच भाकरी खा, बाळ मोठे झाले तर सिझर होईल’ हे वाक्य बेळगाव-खानापूरपासून निपाणीपर्यंत घरोघरी ऐकू येते. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण हिशेब पूर्ण उलटा आहे.

दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या तारखेपासून मोजतात, म्हणून पाळी चुकते तेव्हाच चार आठवडे झालेले असतात. पुढच्या दोन आठवड्यांत बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी मिटते आणि हृदय धडधडू लागते. (फॉलिक अॅसिडची गोळी दिवस राहण्याआधीपासून घ्या म्हणतात ती यासाठीच, नाव नोंदवायला तिसऱ्या महिन्यात गेले तर ती वेळ निघून गेलेली असते.) बाराव्या आठवड्याला अवयव बहुतेक घडलेले असतात, पण बाळ असते जेमतेम दोन-सव्वादोन इंचांचे आणि पंधराएक ग्रॅमचे. विसाव्या आठवड्याला साधारण ३०० ग्रॅम, अठ्ठाविसाव्याला एक किलो. तिथून चाळिसाव्या आठवड्यापर्यंत ते तीन किलोच्या घरात जाते. म्हणजे वजनाचा दोन तृतीयांश भाग आपण जेवण तोडतो त्याच बारा आठवड्यांत भरायचा असतो. जन्मानंतरचे पहिले सहा महिने पुरणारा लोहाचा साठाही बाळ मुख्यतः याच काळात आईकडून घेते.

बरे, कमी खाऊन बाळंतपण सोपे होते का? उपासमारीची झळ आधी बाळाच्या चरबीला आणि स्नायूंना बसते, डोक्याला सगळ्यात शेवटी. वाट अडते ती बहुतेक वेळा डोक्यापाशी. हाती येते ते अशक्त बाळ आणि कळा द्यायला ताकद न उरलेली आई. बाळ खरोखरच प्रमाणाबाहेर वाढते त्यामागे बऱ्याचदा गरोदरपणातला मधुमेह असतो. त्यासाठी २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी साखर तपासतात. १४० किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टर आहार आखून देतात. भाकरी मोजायची ती त्या सल्ल्याने, शेजारणीच्या नव्हे.

आता आईकडे बघू. नऊ महिन्यांत रक्ताचे प्रमाण चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते. पण त्यातला पाण्याचा भाग भराभर वाढतो आणि तांबड्या पेशी मागे राहतात, म्हणून सहाव्या-सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन थोडे उतरते. एवढे साहजिक आहे. मात्र ११ च्या खाली गेले तर तो रक्तक्षय, आणि ७ च्या खाली गेले तर गोळ्यांवर भागत नाही, दवाखानाच गाठावा लागतो. चालताना थोडी धाप लागणे, छातीत जळजळ, वारंवार लघवी, संध्याकाळी घोट्यांवर सूज हे बहुधा नेहमीचेच. बसल्या जागी धाप, पांढरट जीभ आणि नखे, हे नेहमीचे नाही.

सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस. ‘गोळीने बाळ काळे होते’ म्हणून ती कपाटावर पडून राहते. काळी होते ती फक्त शौच. गोळी घेऊनही रक्त वाढत नाही, याचे कारण पुष्कळदा चहात असते: जेवण झाले, गोळी घेतली, वर कपभर चहा, की त्यातले लोह अंगी लागतच नाही. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून ती दोन तास लांब ठेवावी. मळमळत असेल तर रात्री निजताना, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. कॅल्शियम मात्र जेवणाबरोबर, दिवसातून दोनदा. महिनाभर नियमाने गोळी घेऊनही हिमोग्लोबिन एका अंकानेही चढले नाही, तर कारण शोधून शिरेतून लोह द्यावे लागू शकते.

निपाणी भागासाठी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. मिश्री लावणे हे तंबाखू खाणेच आहे. ती हिरड्यांतून थेट रक्तात जाते आणि बाळाचे वजन घटवते. ‘मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही’ ही तक्रार खरी असली, तरी गरोदरपणात आतड्यांची चाल मुळातच मंदावलेली असते. त्यावर पाणी, पालेभाजी आणि नाचणी बरी.

रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणात अर्धा लिटर रक्त गेले तरी सोसत नाही. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आटोक्यात ठेवणाऱ्या मिसोप्रोस्टॉल गोळीची चाचणी आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत झाली, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. त्याच जिल्ह्यात लाल गोळी कपाटावर राहावी, हे पटत नाही.

‘सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही’ हेही चूक. फुप्फुसे उघडी ठेवणारा द्रव ३४-३५ आठवड्यांच्या सुमारास पुरेसा तयार होतो, म्हणून पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचा. तसेच ‘दिवस भरत आले की बाळ शांत होते’ असे समजून घरी थांबू नये. जागा कमी पडल्याने हालचालीची तऱ्हा बदलते, हालचाल थांबत नाही. शंका आली तर काहीतरी खाऊन डाव्या कुशीवर पडावे. दोन तासांत दहा वेळा हालचाल जाणवली नाही तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज किंवा १४०/९० चा रक्तदाब असेल तर सकाळची वाट पाहू नये.

शेवटी आरोग्य खात्याला एक विनंती. कर्नाटकात गर्भवतीला तपासण्यांच्या नोंदीसाठी मिळणाऱ्या तायी (म्हणजे आई) कार्डावरील नोंदी कन्नड न वाचता येणाऱ्या घरांत कोणी उघडूनही बघत नाही. रक्तदाब, हिमोग्लोबिन, वजन आणि पोटाची उंची (ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत टेपने घेतलेले माप) एवढ्या चार रकान्यांचा अर्थ सांगणारे एक पानी मराठी पत्रक कार्डाला टाचले, तर आशा कार्यकर्तीचे निम्मे काम हलके होईल. चोविसाव्या आठवड्यानंतर पोटाची उंची सेंटिमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतकीच असते. तीनाहून जास्त फरक पडला तर विचारायचे, हे कोणत्याही नवऱ्याला समजेल. आणि कणकुंबी-जांबोटी पट्ट्यातील ज्या बायकांची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये येते, त्यांना दोन आठवडे आधीच दवाखान्याजवळ हलवण्याची सोय जूनमध्येच ठरवावी. नाल्यांना पाणी आल्यावर १०८ ची गाडी गावापर्यंत पोहोचेलच असे नाही.

— एक निवृत्त परिचारिका, खानापूर