आठच्या मालिकेविषयी आई-बाबांना पत्र

ती. आई आणि बाबा यांना,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आले असते, परंतु आईने पहिल्याच वाक्यावर "बरं, तुला योग्य वाटेल ते कर" असे म्हणून फोन बाबांच्या हाती दिला असता, बाबांनी फक्त पैशांचे विचारले असते आणि मग तुम्ही दोघे एकमेकांशी काही न बोलता रात्रभर जागे राहिला असता. म्हणून सविस्तर लिहीत आहे. या महिनाअखेरीनंतर टीव्हीवरच्या रात्री आठच्या मालिकेचे संवाद मी लिहिणार नाही. निर्मात्यांना मी तसे कळवले आहे, त्यांनी ते समजून घेतले आहे आणि माझ्या जागी येणाऱ्या लेखकाला मी सध्या एकेका पात्राची बोलण्याची ढब समजावून देत आहे. कुणाशी भांडण झालेले नाही, कुणी मला काढलेले नाही आणि माझी तब्येत उत्तम आहे.

आई, मालिका बंद होत नाही. तुझ्या त्या अर्ध्या तासात तीच माणसे, तेच घर आणि तोच देव्हारा असेल. फक्त सुरुवातीच्या नावांत माझे नाव नसेल. ते दिसावे म्हणून तू आधीपासून चष्मा पुसून बसतेस, आणि समोरच्या अक्कांना बोट दाखवेपर्यंत ते निघूनही गेलेले असते, हे मला माहीत आहे. हे पत्र इतके दिवस लांबले ते या एकाच गोष्टीमुळे. नाव पुन्हा येईल, निराळ्या मालिकेत येईल आणि तिथे ते थांबवून पाहता येईल, इतके आत्ता सांगते; बाकीचे खाली लिहिले आहे.

बाबा, दरमहा पाच तारखेला येणारी रक्कम तेवढीच येईल. तुमच्या दोघांच्या आरोग्य विम्याचा पुढील वर्षाचा हप्ता भरून झाला आहे, त्याची पावती निळ्या फाइलमध्ये ठेवण्यासाठी पाठवत आहे. घराच्या कर्जाचे हप्ते माझ्या खात्यातून पूर्वीसारखेच जातील. "चालू माग सोडून उठू नये" हे तुमचे वाक्य मी विसरलेले नाही आणि मी रिकाम्या हाताने उठलेलीही नाही. इंटरनेटवर मालिका दाखवणाऱ्या एका ओटीटी कंपनीसाठी शंभर भागांची मालिका लिहिण्याचा करार झाला आहे आणि पहिला हप्ता खात्यात जमाही झाला आहे. गोष्ट आपल्या सोलापुरातल्या एका विणकर घराची आहे. तिचा शेवट मी पहिला भाग लिहिण्याआधीच ठरवला आहे, आणि खरे सांगायचे तर मी हा निर्णय त्या शेवटासाठी घेतला.

आपल्या दैनंदिन मालिकांना शेवट नसतो, फक्त बंद होण्याची तारीख असते आणि ती लेखकाला बहुधा सर्वांत शेवटी कळते. देशात टीव्ही असलेली तेवीस कोटींच्या आसपास घरे आहेत. त्यांपैकी पन्नास-साठ हजार घरांतल्या टीव्हींना मोजणी यंत्र जोडलेले असते आणि त्यावरून बार्क ही संस्था कोणती मालिका किती पाहिली गेली याचे आकडे दर गुरुवारी देते. गुरुवारी दुपारी आकडा खाली आला की शुक्रवारी कथेची दिशा बदलते. ज्या मुलीला तीन महिने शिकवून स्वतःच्या पायावर उभे केले, तिचे अपहरण करावे लागते. जो मुलगा सुधारला होता, त्याला पुन्हा खोटे बोलायला लावावे लागते. प्रसंग सकाळी हाती येतो, संवाद दुपारपर्यंत द्यायचे असतात आणि ठाण्यात घोडबंदरच्या सेटवर नट मेकअप करून त्या कागदांची वाट पाहत बसलेले असतात. या घाईबद्दल माझी तक्रार नाही. घाईतही चांगले लिहिता येते, आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या दिग्दर्शकांनी व नटांनी माझी साधी वाक्ये कितीतरी वेळा उचलून धरली आहेत. परंतु एखाद्या बाईला शहाणपण आले की ते पुढच्या आठवड्यात आपल्याच हाताने काढून घ्यायचे, हे मला आता जमेनासे झाले आहे.

मागे अक्कांनी विचारले होते की मालिकेत एकच गोष्ट तीनदा का सांगतात. मी तेव्हा हसून वेळ मारून नेली, पण त्यांना नीट उत्तर द्यायला हवे होते, ते तू माझ्या वतीने दे. अक्कांची नजर विड्या वळण्याच्या सुपात असते, तुझी तव्यावरच्या भाकरीवर असते, आणि आम्ही हे गृहीत धरूनच लिहितो. मालिका पाहिली जाते त्याहून अधिक ऐकली जाते. या प्रकाराचा जन्मच रेडिओवरचा आहे: अमेरिकेत १९३७ मध्ये 'गायडिंग लाइट' ही मालिका रेडिओवर सुरू झाली, घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी कामे करता करता ऐकावी म्हणून. तिची लेखिका इर्ना फिलिप्स ही आधी शिक्षिका होती. १९५२ मध्ये ती मालिका टीव्हीवर आली आणि २००९ च्या सप्टेंबरात, बहात्तर वर्षांनी, बंद झाली. हात कामात असलेल्या बाईला सोबत देणे ही मला अत्यंत मानाची गोष्ट वाटते. मालिकांना नावे ठेवणाऱ्यांना ती दिसत नाही, कारण त्यांच्या घरची भाकरी दुसरे कुणीतरी भाजत असते.

म्हणून मालिकांना हलके समजून मी निघाले, असा समज कृपया करून घेऊ नका. बाबा, तुम्ही 'हम लोग'ची आठवण नेहमी काढता. १९८४ च्या जुलैत सुरू झालेली ती मालिका दीडशेहून थोड्या अधिक भागांत संपली, अशोककुमार प्रत्येक भागाच्या शेवटी येऊन प्रेक्षकांशी बोलत आणि लोकांनी दूरदर्शनला लाखो पत्रे पाठवली. करमणुकीतून लोकशिक्षण करण्याची ती कल्पना मेक्सिकोतल्या मालिकांवरून घेतली होती. गोष्ट संपली म्हणून ती कुणाला कमी वाटली नाही. पुढे १९९९ मध्ये अल्फा मराठी ही वाहिनी आली आणि 'आभाळमाया'तली सुधा आपल्या घरातलीच झाली. नोकरी, मुली आणि नवऱ्याने केलेला घात हे सारे सांभाळणारी बाई मराठी घरांनी रोज आपल्या बैठकीत बसवून घेतली, ही लहान गोष्ट नव्हती. त्यानंतर २००१ पासून २०१३ पर्यंत 'चार दिवस सासूचे' तीन हजारांहून अधिक भाग चालली. तेव्हापासून लांबी हेच यश मानले जाऊ लागले, असे माझे मत आहे. आई, तुला ती आवडत होती हे मला ठाऊक आहे, आणि तुझ्या आवडीला मी काहीही म्हणत नाही. त्या मालिकेतल्या नटांनी इतकी वर्षे जी मेहनत केली ती वंदनीयच आहे.

आता पुढे काय, हा बाबांचा प्रश्न. तुमची मिल एका दिवसात बंद पडली नाही, आधी तिसरी पाळी गेली, मग दुरुस्तीचा खर्च थांबला आणि भोंगा मात्र वाजत राहिला, हे तुम्हीच मला सांगितले आहे. मालिकांच्या धंद्यात मला आज तसेच काहीसे दिसते. नवी गोष्ट लावण्याची छाती कमी झाली आहे. 'आई कुठे काय करते' बंगालीवरून आली, 'ठरलं तर मग' तमिळवरून आली. दोन्ही मराठीत उत्तम रुजल्या, त्यांच्या लेखकांनी त्या मनापासून आपल्याशा केल्या, परंतु दुसरीकडे यशस्वी ठरल्याचा दाखला असल्याशिवाय दार उघडत नाही, हे मात्र खरे. हिंदीत तर २००० मध्ये सुरू होऊन २००८ मध्ये संपलेली 'क्योंकि सास भी कभी बहू थी' २०२५ च्या जुलैत पुन्हा सुरू करण्यात आली. तिची नायिका तुलसी परत आली म्हणून, आई, तुला आनंद झाला, तो मीही तुझ्या शेजारी बसून वाटून घेतला. पण पंचवीस वर्षांपूर्वीच्या दाराकडे परत जावे लागते, याचा अर्थ आजच्या सुनांविषयी काय सांगावे हे ठरत नाही.

दुसऱ्या बाजूला फोनच्या उभ्या पडद्यासाठी दीड-दोन मिनिटांच्या भागांच्या मालिका चीनमधून जगभर पसरल्या आहेत आणि आपल्याकडेही बनू लागल्या आहेत. प्रत्येक भागाच्या शेवटी एक थप्पड किंवा एक गौप्यस्फोट, आणि पुढचे पाहायचे तर पैसे भरा. २०२५ च्या ऑक्टोबरात कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेले महाभारतही ओटीटीवर आले. मला त्यात लेखकापेक्षा इतरांची काळजी अधिक वाटते. दिवे लावणारे, साड्यांना इस्त्री करणारे, केस बांधणारे आणि विशेषतः वयस्क नट यांना रोजचे काम देणारी मालिकेसारखी दुसरी जागा नाही. २०२० मध्ये पासष्ट वर्षांवरील कलावंतांना सेटवर येण्यास बंदी होती, ती ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने उठवली, आणि त्याच सप्टेंबरात साताऱ्याला मालिकेच्या चित्रीकरणात करोना होऊन आशालता वाबगावकर गेल्या. त्या दिवशी तू जेवली नव्हतीस. त्या वयातही त्यांना कॅमेऱ्यासमोर उभे राहावेसे वाटत होते, आणि मालिका त्यांना ती जागा देत होती, हे मी कधी विसरणार नाही.

तरीही मालिका संपेल असे मला मुळीच वाटत नाही. इंग्लंडात 'कॉरोनेशन स्ट्रीट' १९६० पासून चालू आहे, कारण ती एका गल्लीची गोष्ट आहे आणि गल्लीत माणसे येत-जात राहतात. आपल्याकडेही मालिका ठाण्याच्या बंगल्यातून बाहेर पडून कोल्हापूरला किंवा सावंतवाडीजवळच्या आकेरीला गेल्या, तेव्हा प्रेक्षकांनी त्या डोक्यावर घेतल्या. आपल्या गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच नळावर बोलल्या जातात. पाणी चार दिवसांनी येते म्हणून लग्नाची तारीखसुद्धा पाण्याकडे पाहून ठरते. हे घर मला दाखवायचे आहे, शंभर भागांत, आणि मग त्या माणसांना त्यांच्या आयुष्यात जाऊ द्यायचे आहे. मालिकांचे भवितव्य अशा संपणाऱ्या गोष्टींत आहे असा माझा विश्वास आहे, आणि ती मालिका नंतर टीव्हीवरही यावी यासाठी मी आत्तापासून आग्रह धरला आहे. अमेरिकेत 'डेज ऑफ अवर लाइव्ज' २०२२ मध्ये टीव्हीवरून उचलून इंटरनेटवर नेली, तेव्हा सत्तावन्न वर्षे सोबत असलेल्या म्हाताऱ्या प्रेक्षकांना नवे यंत्र शिकावे लागले. तुझ्या बाबतीत असे घडू नये, ही माझी जबाबदारी आहे.

आई, तुला आठवते का, भारनियमनात नेमकी 'वादळवाट'च्या वेळेला वीज जायची. आम्ही रडवेले व्हायचो आणि तू कंदिलाची काच पुसता पुसता "आज काय झालं असेल सांगू?" म्हणून तो भाग स्वतःच रचून सांगायचीस. दुसऱ्या दिवशी शाळेत मैत्रिणींकडून खरा भाग कळायचा आणि तुझाच अधिक चांगला वाटायचा. तुझ्या गोष्टीत सासूसुद्धा शेवटी थकून भिंतीला टेकून बसायची आणि सून तिला पाणी द्यायची. आठच्या मालिकेतल्या आजींच्या तोंडी मी जी वाक्ये घातली, "भूक लागली की राग येतो, आधी जेवा मग भांडा" हे धरून, ती सगळी तुझी आहेत. मला संवाद लिहिण्याचे पैसे मिळाले, ते खरे म्हणजे त्या ओसरीतल्या ऐकण्याचे मिळाले. तुझ्या मांडीवर डोके ठेवून आणखी थोडे ऐकावे, असे अजूनही वाटते.

आता माझे ऐका. आई, तुझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू "गड्डा झाल्यावर बघू" असे म्हणून पुढे ढकलायचा नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज दोन्ही डोळ्यांनी नीट पाहायचे असतील तर शस्त्रक्रिया त्याआधी व्हायला हवी. मी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने येत आहे आणि नवे लेखन घरूनच करायचे असल्याने या वेळी परतीची घाई नाही. डोळ्याला पट्टी असेपर्यंत टीव्हीसमोर बसायचे नाही. आठ वाजता मी तुझ्याजवळ बसून भाग सांगेन, आणि अक्काही विड्यांचे सूप घेऊन इकडेच येऊ देत.

बाबा, तुम्ही मालिका संपेपर्यंत जेवण थांबवता ते बंद करा. साखरेची गोळी जेवणाच्या वेळेशी बांधलेली आहे, मालिकेच्या वेळेशी नाही. साडेसातला जेवून घ्या, आईलाही बसवा. सकाळचे सिद्धेश्वर तलावाकडचे फिरणे थंडीमुळे बंद असेल तर निदान गच्चीवर फेऱ्या मारा. नवा टीव्ही शनिवारी येईल. जोडणीसाठी येणाऱ्या माणसाला जुना टीव्ही देऊन टाकू नका, तो आतल्या खोलीत आईसाठी लावून घ्या. नव्या रिमोटवर माइकचे बटण आहे, ते दाबून मालिकेचे नाव बोलले की ती लागते. आईला ते दोन-तीनदा करू द्या, तिच्या हातून रिमोट घेऊ नका. जुन्या डिशचे वर्षभराचे पैसे भरले आहेत, त्यामुळे इंटरनेट बंद पडले तरी नेहमीची वाहिनी दिसेलच. डॉक्टरांकडे जाताना रक्ताच्या तपासणीचे मागचे दोन्ही कागद बरोबर घ्या, आणि भूल देण्याआधी कोणत्या गोळ्या थांबवायच्या हे त्यांच्याकडून लिहूनच घ्या, तोंडी ऐकून येऊ नका.

शेंगा चटणी माझ्यासाठी करून ठेवू नका, मिरच्या कुटताना डोळ्यांत जाते. मी आल्यावर आपण दोघी मिळून करू.

तुमची,
धाकटी