मांजर पोत्यात घालायच्या आधी ट्रेतली माती बदलून बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका ताईंचं पत्र आलं होतं, मांजर गादीवर मुततंय, घरभर वास, आता पोत्यात घालून लांब सोडून येणार. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. ताई, आमचा बोका पण तीन आठवडे हेच करत होता आणि चूक त्याची नव्हती, माझी होती.

मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात कामाला आहे. बोका आणला तेव्हा म्हटलं त्याच्या शी-शूच्या ट्रेत घालायला माती कशाला विकत घ्यायची, आमच्यात वाळूचे ढीग पडलेत की. मोल्डिंगची, म्हणजे साचे करायची, वापरलेली वाळू घमेलंभर आणली आणि ट्रेत ओतली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतोय तर देव्हाऱ्यापासून फ्रिजपर्यंत पांढऱ्या फरशीवर काळे पंजे, आणि शेवटचे दोन आईच्या धुवून घडी घातलेल्या पातळावर. त्या वाळूत कोळशाची पूड असते, हे आयुष्य मोल्डिंगला काढलेल्या माणसाला सुचू नये! शिवाय त्या वाळूची धूळ फुफ्फुसाला वाईट, आम्ही मास्क लावतो आणि हे तर नाक खुपसून उकरतंय.

मग टिंबर मार्केटमधनं लाकडाचा भुसा आणला. स्वस्त, हलका, पण पावसाळ्यात तो आधीच दमट, त्यात हा मुतला की तळाला लगदा आणि दोन दिवसात डोळ्याला झोंबणारा वास. मग दुकानदारानं लिटर (मांजराच्या ट्रेत घालायच्या तयार मालाला इंग्रजीत हेच म्हणतात) म्हणून लॅव्हेंडरच्या वासाचे सिलिकाचे खडे गळ्यात मारले. आई म्हणाली, लिटर म्हणतोस आणि किलोवर कसं आणलंस? बोका आला, हुंगलं, एक पाय आत घातला, झाडला आणि सरळ माझ्या गादीवर. मांजराचं नाक आपल्यापेक्षा लई तिखट असतंय, तो सेंट आपल्यासाठी असतो, त्याच्यासाठी नाही.

खरं उत्तर गल्लीतच होतं. समोर बांधकामाची वाळू पडली की अख्ख्या गल्लीतली मांजरं तिथंच जातात, खडीच्या ढिगाकडं एक पण जात नाही. मांजराचे पूर्वज आफ्रिकेतले रानमांजर, कोरड्या मुलखातले, पायाखाली बारीक मऊ लागलं की उकरून झाकायचं हे रक्तातच. मग बारीक दाण्याचं, बिनवासाचं, गोळा होणारं लिटर आणलं आणि पिशवीमागं बघतोय तर बेंटोनाइट! म्हणजे आम्ही मोल्डिंगच्या वाळूत बाइंडर म्हणून, म्हणजे दाणे एकमेकांना धरून ठेवायला घालतो तीच कच्छची माती. पाणी लागलं की फुगून धरून ठेवते, म्हणून ओलं तेवढा गोळा होतो आणि चाळणीच्या चमच्यानं उचलता येतो. (फौंड्रीतली पावडर मात्र आणू नका, ती पिठासारखी उडते.) दोन-तीन इंच थर घातला, रोज गोळे काढले, ट्रे जेवणाच्या वाटीपासून लांब ठेवला, चौथ्या दिवसापासनं गादी कोरडी.

माझं खरं आहे म्हणून डोळे झाकून हेच आणू नका. दोन ट्रे शेजारी ठेवा, दोन्हीत वेगळी माती, आठवडाभर बघा कुठं जातंय. एका मांजराला पण दोन ट्रे असलेले बरे. पिल्लू अगदी लहान असेल तर ते माती खातंय, त्याला गोळा होणारी नको, कागदाची किंवा लाकडाची द्या. घरात कुणाला दिवस गेले असतील तर ट्रे त्यांनी साफ करायचा नाही, दुसऱ्या कुणीतरी रोज करायचा, पोटातल्या बाळाला बाधणारा टोक्सोप्लाझ्माचा जंतू मांजराच्या विष्ठेतनं पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस घेतो. आणि नसबंदीचं ऑपरेशन न झालेला बोका भिंतीवर पिचकारी मारतोय ते हद्दीचं प्रकरण, त्याला माती बदलून काय होणार नाही.

एक मात्र घाबरण्यासारखं. बोका सारखा ट्रेत जाऊन बसतोय, कण्हतोय आणि थेंबभर पण लघवी नाही, असं दिसलं तर लिटर बिटर सोडा, त्याच दिवशी डॉक्टरकडं पळा. लघवी तुंबून बोके मरतात.

आणि संडासात ओतू नका हो. मी ओतलं. प्लंबरनं चेंबरमधनं काढलेला गोळा बघून मला वाटलं आमच्या कारखान्यातला कोअरच (साच्यात ठेवायचा वाळूचा घट्ट गोळा) इथं आला की काय, सातशे रुपये गेले ते वेगळेच. आता कागदात गुंडाळून पिशवीत बांधतो आणि कचऱ्याच्या टिपरमध्ये देतो.

ताई, लॅव्हेंडरची पिशवी माझ्याकडं तशीच पडली आहे, ती नको, पण बारीक बेंटोनाइटची अर्धी पिशवी शिल्लक आहे. संपादकसाहेबांना चालत असेल तर पेपरच्या ऑफिसात आणून ठेवतो, घेऊन जावा आणि आठ दिवस बघा. पोतं कुठं पळून जात नाही.

आपला,
एक बोकेवाला वाचक, कोल्हापूर