घाट चढायला या

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

तिकिटं काढली आहेत. रद्द केली तर पैसे परत मिळत नाहीत. हे मुद्दाम पत्रात लिहितेय, कारण फोनवर आई "बघू गं" म्हणाली असती आणि बाबांनी आज नळाला पाणी किती वाजता आलं ते सांगायला घेतलं असतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे स्वित्झर्लंडला यायला निघायचं. ताईशी माझं बोलणं झालंय. तुळस, मांजर, पावसाआधी पत्रे बघून घेणं, सगळं तिने अंगावर घेतलंय. गौरी-गणपतीच्या कितीतरी आधी तुम्ही घरी परत असाल, म्हणजे तेही कारण उरलं नाही.

आई, तुझ्या डॉक्टरांना मीच फोन केला होता. रागावू नकोस. अँजिओप्लास्टीच्या वेळी ताई एकटी धावली आणि मी इथे फोन हातात घेऊन बसले होते. तेव्हापासून विचारल्याशिवाय राहवत नाही. ते म्हणाले, जाऊ दे, फक्त धावपळ नको आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत. म्हणून शेजारच्या काकांसारखी टूर घेतली नाही. पहाटे पाचला बॅगा खोलीबाहेर, मग बस, आणि जुंगफ्राऊला ३४५४ मीटरवर बर्फात फोटो. तुला तिथे नेऊन माझाच जीव वर-खाली झाला असता. आपण जाणार ते सगळ्यात उंच स्टेशन २२५३ मीटरवर आहे. शिमला साधारण तेवढ्याच उंचीवर आहे, आणि बाबांच्या रेल्वेच्या पासवर गेलो होतो तेव्हा तू तिथे माल रोडवर माझ्यापेक्षा जास्त चालली होतीस. इथे तर बसूनच जायचंय.

बाबा, आता तुमचं. एवढा खर्च करून घाटच बघायचा तर खंडाळ्याला काय वाईट, असं तुम्ही म्हणणार. म्हणून आकडे देते. या लाइनचं नाव बर्निना. १९१० मध्ये पूर्ण झाली, मीटर गेज आहे. चढ हजार मीटरला ७० मीटर, म्हणजे तुमच्या भाषेत वन इन १४. आपला भोर घाट वन इन ३७, नेरळ-माथेरान वन इन २०. आणि मध्ये दातेरी रूळ नाही, नुसत्या चाकांच्या पकडीवर गाडी चढते. बँकर, म्हणजे घाटात मागून ढकलणारं जादा इंजिन, लागत नाही. हे वाचून तुम्ही चष्मा काढून पुसणार, मला माहीत आहे. वायर अजून डीसी आहे, १००० व्होल्टची, तुमच्या वेळच्या १५०० पेक्षाही कमी. तिच्याआधी आपण जाणार ती अल्बुला लाइन एसी. पाँट्रेझिना स्टेशनात दोन्ही वायर येतात. ते तिथे कसं सांभाळतात ते मला कळलेलं नाही. तुम्हीच बघून मला सांगा.

खरं सांगू का? कर्जतच्या क्वार्टरमध्ये रात्री बँकरचा हॉर्न वाजला की आई म्हणायची, "बाबा चढतायत, झोप आता." मला वाटायचं, सगळ्या गाड्या तुम्हीच वर नेता, बाकीचे ड्रायव्हर नुसते पुढे बसतात. लोणावळ्याला बँकर सुटला की तुम्ही मोकळं इंजिन घेऊन खाली, आणि गाडी पुण्याला, सोलापूरला, मद्रासला. त्या गाड्या पुढे कुठे जातात, तिथे काय दिसतं, हे मी विचारायची आणि तुम्ही टाइमटेबल काढून स्टेशनांची नावं वाचून दाखवायचात. गुंटकल, रेणीगुंटा, आर्कोणम. मला तेव्हा ती नावं गोष्टीतल्यासारखी वाटायची. आता एकदा तुम्ही गाडीत बसा. कुठेही सुटायचं नाही, शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचं.

अजून एक गोष्ट आहे. ही पत्रात लिहावी की तुम्ही आल्यावर प्रत्यक्ष दाखवावी, यावर बराच विचार केला, पण लिहिल्याशिवाय तुम्ही येणार नाही. मी राहते त्या विंटरथूरमध्ये इंजिनांचा मोठा कारखाना होता. तुम्ही असिस्टंट ड्रायव्हर असताना ज्या खेकड्यावर, त्या विजेच्या इंजिनावर, चढलात ना, त्या जातीची पहिली इंजिनं १९२८ च्या सुमारास याच कारखान्यात बनून जीआयपी रेल्वेकडे गेली. बाकीची इंग्लंडमध्ये बनली. कारखाना आता नाही. त्या जागेवर नवी वस्ती उठतेय आणि तिचं नाव लोकश्टाट, म्हणजे इंजिनांचं गाव. माझ्या घरापासून चालत जाता येतं. आईला दम लागला तर बस आहे.

आणि बर्ग्युन नावाच्या खेड्यात, आपण मुक्काम करणार तिथे, स्टेशनाला लागून रेल्वेचं म्युझियम आहे. त्याच्यासमोर मीटर गेजचा खेकडा उभा आहे. इथले लोक त्याला मगर म्हणतात. कॅबमध्ये बसून चालवल्यासारखं करता येतं. तुम्ही बसा. मी फोटो काढणार नाही.

रस्ता असा. विंटरथूरहून झ्युरिक, मग कूर. कूरला मोठ्या गाडीतून छोट्या गाडीत बदलायचं. फिलिझूरच्या आधी लांडवासरचा पूल लागतो, ६५ मीटर उंच, वळणातच बांधलेला, आणि पुलाच्या टोकाला गाडी सरळ कड्यातल्या बोगद्यात शिरते. उजवीकडे बसायचं. मग बर्ग्युन. तिथून वर प्रेडापर्यंत रूळ डोंगराच्या पोटात गोल फिरत चढतात. एकच चर्च कधी डावीकडे, कधी उजवीकडे, दर वेळी आणखी खाली दिसत राहतं. आई, तुला गरगरायला लागलं तर डोळे मिट, पण थोडेच. दुसऱ्या दिवशी बर्निना. माथ्यावर दोन तलाव शेजारी-शेजारी आहेत, एक काळा, एक दुधाळ. काळ्याचं पाणी शेवटी काळ्या समुद्रात जातं, दुधाळ्याचं इटलीच्या बाजूला. मग सगळा उतार. ब्रुझिओला गाडी दगडी कमानींच्या पुलावरून पूर्ण गोल फिरते आणि स्वतःच्याच पुलाखालून बाहेर येते. शेवटी तिरानो, ४२९ मीटरवर, इटलीत. त्या गावात गाडी जुन्या मुंबईतल्या ट्रामसारखी चर्चसमोरून रस्त्यातून जाते. फाटक नाही, गेटमन नाही. बाबा, तुम्ही तिथे कुणावर ओरडू नका.

काचेच्या छताची महागडी एक्सप्रेस मी मुद्दाम घेतली नाही. रूळ तेच, डोंगर तेच. साध्या गाडीच्या काही डब्यांत खिडकी उघडते, आणि तुम्हाला वारा लागल्याशिवाय प्रवास झाल्यासारखा वाटत नाही. शिवाय मध्येच उतरता येतं. आल्प ग्र्यूमला उतरून चहा घेऊ, समोर हिमनदी दिसते. तुमच्यासाठी हाफ-फेअर कार्ड काढणार आहे. या वयात हाफ तिकीट! टीसी आला तर हसू नका.

सोयींची काळजी करू नका. गाडीत संडास आहे, स्वच्छ आहे. घरच्या बाथरूममध्ये मी जेट बसवून घेतलाय. इथला प्लंबर बराच वेळ त्याच्याकडे बघत उभा होता. नळाचं पाणी तसंच पितात, उकळायला नको, आई. तरी उकळणारच असशील तर पातेलं मोठं घेऊन ठेवते. बाबांची दुपारची झोप धरूनच गाड्या निवडल्यात. तिरानोला कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या मिळतात, बटाटा, कोबी, लोणी आणि भरपूर चीज घातलेल्या. तुला आवडतील. नाही आवडल्या तर डब्यात दशम्या असतीलच.

आता नीट वाचा. तूप आणायचं नाही. लोणकढं असलं तरी नाही. दुधाचे पदार्थ आणायला इथे बंदी आहे. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि चहा पावडर चालेल, पाकीटबंद असू द्या. गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. पायात मोजे आणि नवे बूट, पण बूट आत्तापासून घरात घालून फिरा. दोघांना एक-एक स्वेटर पुरे. माळ्यावरची वळकटी काढू नका.

विमानतळावर व्हीलचेअर सांगितली आहे, दोघांसाठी. बाबा, तुम्हाला चालता येत नाही म्हणून नव्हे. झ्युरिकला एका इमारतीतून दुसरीकडे भुयारी गाडीने जावं लागतं, आणि सोबत माणूस असला की आई घाबरत नाही. तुम्ही आईसाठी बसा. पटत नसेल तर खुर्चीशेजारून चाला, पण त्या माणसाला "मी रेल्वेत होतो" सांगून परत पाठवू नका.

व्हिसासाठी पासपोर्टच्या झेरॉक्स, पेन्शनच्या बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो ताईकडे द्या. विम्याचं मी बघते. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही मुंबईला जावं लागेल. त्या दिवशी ताई टॅक्सी करणार आहे. लोकलने जायचं नाही, पास असला तरी.

तुमची,
छोटी

ता. क. आई, गुडघ्याचा पट्टा विसरशील. तो बाबांच्या बॅगेत ठेव, ते काही विसरत नाहीत.