आमच्या बाळाच्या झोपेसाठी धावून आलेल्यांना

यावल तालुक्यातल्या आमच्या घरात ऐन मे महिन्यात बाळ आलं. दिवसा गाढ झोपायचं, रात्री टक्क जागं. मी पाजता पाजता रडायचे.

आशाताई, आधी तुमचे आभार. ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी तुमची गृहभेट ठरलेलीच असते. पण तुम्ही खाटेवर बसून आमच्या घराची रीत विचारलीत: बाळाचे बाबा केळीची गाडी भरून किती वाजता येतात, दिवा कधी मालवतो, पत्रा रात्री कधी निवतो. मग समजावलंत, दिवस-रात्र कळायला बाळाला दोन-तीन महिने लागतात. वजन वाढतंय, म्हणजे दूध पुरतंय. हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. दुपट्याचे थर तुम्ही स्वतः उतरवलेत, उशी काढलीत, बाळाला पाठीवर निजवलंत. दिवसा खिडकी उघडी आणि रात्री मंद उजेडात न बोलता पाजणं, एवढंच करायला सांगितलंत. हळूहळू फरक पडला.

रुग्णालयातल्या सिस्टर, झोपेसाठी घुटी द्यायचा आग्रह चालला होता तेव्हा तुम्ही फोनवर सासूबाईंशी किती मायेने बोललात! सहा महिने फक्त आईचं दूध, आणि ताप आला किंवा बाळ दूध ओढेना तर लगेच घेऊन या, हे त्यांना तुमच्याकडूनच पटलं.

आणि शेजारच्या आजी, पहाटे बाळाला ओट्यावर घेऊन बसायच्या तुम्ही, म्हणून मला डोळा लागायचा. उठल्यावर पुढ्यात कळण्याची गरम भाकरी असायची, तिचेही आभार.